एका गोळीचं आकाश

गॅलॅक्सियन या खेळात आपल्या यानाच्या टोकावर एक बारीक रेघ असते. पाहणाऱ्याला ती यानाचाच भाग वाटते. खरं तर ती गोळी असते, भरून ठेवलेली. बटण दाबलं की रेघ टोकावरून सुटून वर चालू लागते आणि यान तेवढ्यापुरतं बोडकं दिसतं. आता ही गोळी कुणाला लागेपर्यंत, किंवा कुणालाच न लागता पडद्याच्या वरच्या कडेबाहेर जाईपर्यंत दुसरी मिळायची नाही. बटण कितीही बडवा. वरून कुणी गिरकी घेत थेट अंगावर येत असेल, येता येता बॉम्ब टाकत असेल, तरी आधीची गोळी आपल्या ठरल्या चालीने आकाश पार करत राहते आणि आपण खाली रिकाम्या हाताने डावीउजवीकडे सरकत राहतो.

चुकलेल्या नेमाची इतकी सरळ शिक्षा मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही. गुण कापले जात नाहीत, लाइफ जात नाही. फक्त थांबावं लागतं.

जपानच्या नामको कंपनीने हा खेळ १९७९ मध्ये काढला. दोन वर्षांनी, १९८१ मध्ये, त्याच कंपनीने त्याचा पुढचा भाग आणला, गॅलागा. जगाने दुसऱ्याला डोक्यावर घेतलं. त्याची यंत्रं अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम पार्लरांमध्ये वर्षानुवर्षं उभी राहिली. १९८३ च्या ‘वॉरगेम्स’ चित्रपटातला शाळकरी नायक गॅलागा खेळताना दिसतो, आणि थेट २०१२ च्या ‘ॲव्हेंजर्स’मध्येही त्याचा उल्लेख येतो. गॅलॅक्सियनच्या वाट्याला असलं काही आलं नाही. थोरल्या भावाला गावाने धाकट्याच्या नावाने ओळखावं, तशी त्याची ओळख झाली: गॅलागाच्या आधीचा तो.

पण त्याच्याही आधीचा एक आहे, आणि त्याच्याशिवाय ही गोष्ट समजत नाही. १९७८ मध्ये टाइटो या कंपनीचा स्पेस इन्व्हेडर्स आला. तोमोहिरो निशिकादो यांनी तो घडवला. परग्रहावरच्या प्राण्यांची रांग आडवी चालते, कडेला पोचली की एक पायरी खाली उतरते. आपल्यापुढे चार आडोसे, त्यांच्यामागे लपायचं. चित्र काळंपांढरं, रंग दिसायचा तो पडद्यावर चिकटवलेल्या पारदर्शक रंगीत पट्ट्यांमुळे. यंत्राला एवढे सगळे प्राणी भराभर काढणं जमत नव्हतं, म्हणून सुरुवातीला रांग रेंगाळायची. प्राणी मरत गेले की काम हलकं व्हायचं आणि उरलेले सुसाट सुटायचे. यंत्राच्या अशक्तपणातून आलेली ही गती लोकांना इतकी आवडली की ती खेळाचा प्राण होऊन बसली.

नामकोचे संस्थापक मासाया नाकामुरा यांना याच्यापुढे जाणारा खेळ हवा होता. या गृहस्थांनी १९५५ मध्ये योकोहामातल्या एका डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर मुलांना बसायला दोन यांत्रिक घोडे ठेवून धंदा सुरू केला होता. घोड्यांपासून अंतराळापर्यंत यायला त्यांना पंचवीस वर्षंही लागली नाहीत. काम काझुनोरी सावानो यांच्याकडे आलं. ‘स्टार वॉर्स’मधल्या आकाशयुद्धांचा प्रभाव त्यांच्यावर होता, शत्रूंचे आकार तर आधी त्या चित्रपटातल्या लढाऊ विमानांसारखेच होते, पुढे ते बदलून किड्यांसारखे झाले. सावानो यांनी आडोसे काढून टाकले. रांग तशीच ठेवली, फक्त तिचं खाली उतरणं बंद केलं. त्याऐवजी रांगेतला एकेक जण सुटून खाली झेपावू लागला.

हे जमलं ते आतल्या यंत्रामुळे. ती जुळणी मला एखाद्या कवितेइतकी आवडते, म्हणून इथे जरा थांबतो. गॅलॅक्सियनच्या पडद्यावर दोन प्रकारची चित्रं असतात. एक मागची नक्षी, ठरावीक चौकोनांच्या तुकड्यांनी भरलेली. दुसरी सुट्या आकृत्यांची, पडद्यावर हव्या तिथे हव्या तशा फिरू शकणाऱ्या. रांगेत उभा असलेला शत्रू हा नक्षीचा भाग असतो. अख्खी नक्षी डावीउजवीकडे सरकते, म्हणून तो सरकताना दिसतो. त्याला स्वतःची अशी हालचाल नसते. ज्या क्षणी तो रांग सोडतो, त्या क्षणी नक्षीतला त्याचा तुकडा पुसला जातो आणि त्याच जागी एक सुटी आकृती जन्माला येते. तिला दिशा असते, वळण असतं, वेग असतो. तोवर तो भिंतीवरच्या चित्रात होता, आता त्याला अंग आलं. गिरकी घेऊन, बॉम्ब टाकून तो पडद्याखाली निघून गेला की वरून पुन्हा प्रकटतो, आपली रिकामी जागा शोधतो आणि तिथे पोचून परत नक्षी होतो.

मागे चमचमणारे तारे तर प्रोसेसर काढतच नसे. त्यांच्यासाठी वेगळंच सर्किट होतं, ते आपलं आपण आकाश लुकलुकवत बसायचं. खाली काय घडामोडी चालल्या आहेत याचा त्याला पत्ता नसे. जिंका, हरा, तारे आपले चालू.

आणि रंग. चिकटवलेल्या पट्ट्यांचे नव्हेत, यंत्राच्या आतून आलेले खरे रंग. एकूण ४६ शत्रू. खाली निळ्यांच्या तीन ओळी, प्रत्येकी दहा. त्यावर आठ जांभळे, त्यावर सहा लाल, आणि सगळ्यांच्या वर दोन पिवळी म्होरक्यांची यानं. निळे, जांभळे, लाल यांचे आकार सारखेच. वेगळेपण फक्त रंगात. १९७९ मध्ये हे पाहणाऱ्याला काय वाटलं असेल याची आज कल्पना करणं कठीण आहे.

आमच्याकडे हा खेळ आला तेव्हा तो काळापांढरा होऊनच आला.

नव्वदच्या दशकातल्या सांगलीत, मध्यमवर्गीय घरातला रंगीत टीव्ही बातम्यांसाठी आणि मालिकांसाठी राखून ठेवलेला असे. मुलांच्या ‘व्हिडिओ गेम’ला आतल्या खोलीतला छोटा पोर्टेबल टीव्ही. हा व्हिडिओ गेम म्हणजे फॅमिकॉम या जपानी खेळयंत्राची स्वस्त नक्कल, आणि त्याच्या वर खोचायची ती कॅसेट. कॅसेटवर लिहिलेलं ‘९९९९९ इन वन’. प्रत्यक्षात मोजके खेळ पुन्हा पुन्हा नावं बदलून. त्या मोजक्यांत गॅलॅक्सियन असायचाच. फॅमिकॉमसाठी नामकोने तो १९८४ मध्ये काढला होता. तो आकाराने अगदी चिमुकला, त्यामुळे कॅसेटमध्ये चाळीस खेळ कोंबणाऱ्यांना सोयीचा. गॅलागाही काही कॅसेटमध्ये असे, पण निदान आमच्या गल्लीत फिरणाऱ्या कॅसेटमध्ये तो नव्हता. जगाच्या बाजारात मागे पडलेला हा थोरला आमच्यासाठी एकुलता एक होता.

पार्लरच्या यंत्रात पडदा उभा असतो. टीव्हीवर तो आडवा झाला. रंगांसाठी नावाजलेल्या खेळात निळा, जांभळा आणि लाल हे तिन्ही राखाडीच्या तीन छटा झाले. कुणाला मारल्यावर किती गुण मिळतात हे आम्ही रंगावरून नाही, ओळींवरून पाठ केलं. पुष्कळ वर्षांनी संगणकावर तो रंगीत पाहिला तेव्हा, खरं सांगायचं तर, तो मला जरा भडक वाटला.

माझी आतेबहीण सुट्टीत यायची. मुलींना व्हिडिओ गेमचा रिमोट द्यायचा की नाही यावर आमच्यात वाद व्हायचे, आणि ते तिने एका दुपारी संपवले. तिची खेळण्याची रीत आमच्याहून अगदी वेगळी होती. आम्ही पोरं वरच्या रांगेवर गोळ्या झाडत सुटायचो. ती यान मधोमध धरून थांबायची. म्होरक्याचं यान दोन लाल साथीदार घेऊन निघालं की आमचा आरडाओरडा सुरू व्हायचा, “ताई, मार ना! मार!” ती शांतपणे म्हणायची, “येऊ दे की त्याला खाली. तिथे वर मारून काय मिळतंय?”

मिळण्याचा हिशोब असा होता. म्होरक्या रांगेत उभा असताना टिपला तर ६० गुण. एकटा खाली येत असताना टिपला तर १५०. दोन्ही साथीदारांसह येत असताना तोच टिपला तर ३००. पण आधी दोन्ही साथीदार टिपले आणि मग तो, तर ८००. एकाच झेपेत तीन नेम, आणि गोळी एका वेळी एकच. वर असतानाच पहिला साथीदार मारायला गेलात आणि गोळी चुकली, तर ती परत मिळेपर्यंत म्होरक्या डोक्यावर आलेला असतो.

इथे त्या एका गोळीचं खरं गणित सुरू होतं, आणि ताईला ते कुणी न सांगता उमगलं होतं. गोळी परत मिळायला लागणारा वेळ शत्रूच्या अंतरावर ठरतो. लांबच्यावर मारलं तर गोळीला जायला वेळ लागतो, म्हणजे पुढची गोळी उशिरा. जवळच्यावर मारलं तर ती लगेच लागते आणि लगेच नवी गोळी टोकावर येऊन बसते. म्हणजे धोका जितका जवळ येऊ द्याल, तितका तुमच्या माऱ्याचा वेग वाढतो. भित्र्याला एक गोळी कमी पडते, धीराच्याला पुरून उरते. एवढा नियम ठेवून सावानो यांनी सगळा खेळ उभा केला आहे. पुढे शेकडो खेळांनी शस्त्रं वाढवली, पण शस्त्र न वाढवता माणसाचं धाडस वाढवणारा हा हिशोब मला फार थोड्या ठिकाणी दिसला.

बाकी या खेळात गोष्ट म्हणून काही नाही. उजव्या कोपऱ्यात खाली एकेक झेंडा वाढत जातो, तेवढीच प्रगती. साथीदार गमावलेलं म्होरक्याचं यान कधी कधी निसटून जातं आणि पुढच्या पातळीत जास्तीचा म्होरक्या म्हणून हजर होतं. शत्रूकडे एवढी आठवण आहे. आपल्याकडे तीही नाही. पार्लरच्या यंत्रावर सर्वोच्च गुणांचा आकडा उरतो, तो मिळवणाऱ्याचं नाव नाही.

गॅलागा या कोरडेपणावरचा उतारा आहे.

शिगेरू योकोयामा यांनी तो घडवला. गॅलॅक्सियनच्या आत एक झेड-८० प्रोसेसर होता, गॅलागात तीन आहेत, आणि ती श्रीमंती पहिल्या क्षणापासून दिसते. गॅलॅक्सियन सुरू होतो तेव्हा रांग आधीच उभी असते. गॅलागात आकाश रिकामं असतं. मग कडांमधून शत्रूंच्या माळा वळणं घेत, एकमेकींना छेद देत आत येतात, गोल फिरतात आणि एकेक करून आपापल्या जागी बसतात. वीस मधमाश्या, सोळा फुलपाखरं, चार बॉस. फौज आपल्या डोळ्यांसमोर जमते. नोबुयुकी ओनोगी यांच्या सुरावटीही सोबतीला आहेत, आणि त्या एकदा ऐकल्या की दिवसभर डोक्यातून जात नाहीत.

गोळ्या आता दोन. एक वाटेत असताना दुसरी सोडता येते. ऐकायला किरकोळ बदल वाटतो, पण खेळाचं मन इथेच बदलतं. पहिली चुकली तर दुसरी आहे, ही सवलत मिळाल्याबरोबर हात सैल होतो. संपूर्ण खेळ झाल्यावर गॅलागा एक तक्ता दाखवतो: किती गोळ्या झाडल्या, किती लागल्या, टक्केवारी किती. गॅलॅक्सियनला असा तक्ता कधी दाखवावा लागला नाही. तिथे नेम चुकल्याचा हिशोब त्याच जागी, त्याच क्षणी चुकता होत होता.

तरीही गॅलागा मोठा खेळ आहे, आणि तो मोठा आहे तो एका कल्पनेमुळे. बॉस खाली येतो, आपल्या डोक्यावर थांबतो आणि पंख्यासारखा पसरणारा एक किरण सोडतो. त्यात सापडलात तर यान गरगर फिरत वर ओढलं जातं, लाल होतं आणि शत्रूच्या रांगेत, त्या बॉसच्या डोक्यावर जाऊन बसतं. एक लाइफ गेली. पण यान समोर दिसतंय. एका चित्रपटात जहाजाला असं किरणाने पकडलेलं पाहिलं, त्यावरून ही कल्पना सुचल्याचं योकोयामा यांनी सांगितलेलं आहे.

आता तुम्ही दुसऱ्या यानातून लढता, आणि वर तुमचंच पहिलं यान शत्रूच्या ताब्यात. तो बॉस त्याला घेऊन खाली झेपावेल तेव्हा बॉसला नेमका टिपायचा. टिपलात की कैदी सुटतो, खाली उतरतो आणि तुमच्या शेजारी जोडला जातो. दोन यानं, एकत्र मारा. पण घाई करून बॉसला रांगेत असतानाच मारलंत, तर तेच लाल यान शत्रू होऊन तुमच्यावर चाल करून येतं. नेम जरा हुकला, तर गोळी आपल्याच माणसाला लागते आणि तो कायमचा जातो; वर त्याचे गुणही मिळतात, हा त्यातला क्रूर विनोद. आणि पकडलं गेलेलं यान तुमचं शेवटचं असेल, तर सोडवायला कुणी उरतच नाही. खेळ तिथेच संपतो.

त्या काळातल्या किती खेळांत गमावलेलं परत मिळत होतं? बहुतेकांत लाइफ गेली की गेली. गॅलागाने पहिल्यांदा आम्हाला पाहायला लावलं की गमावलेलं दूर कुठे तरी असतं, दिसतं, आणि धाडस केलं तर परत आणता येतं. एवढंच नाही, ते जाणूनबुजून गमवावं असा मोह त्याने निर्माण केला. पट्टीचे खेळाडू सुरुवातीलाच एक यान मुद्दाम किरणात घालतात. दुप्पट माऱ्यासाठी. दुप्पट अंग झाल्यामुळे गोळीही दुप्पट सहज लागते, ही त्याची किंमत. लोभ आणि भीती यांचा तोल इतक्या थोड्या नियमांत मांडणारा दुसरा खेळ शोधावा लागेल.

तिसऱ्या पातळीला आणि मग दर चौथ्या पातळीला ‘चॅलेंजिंग स्टेज’. चाळीस शत्रू नुसते नाचत जातात, कुणी गोळी झाडत नाही. सगळे टिपले तर १०,००० गुण. युद्धात मध्येच जत्रा. गॅलॅक्सियनमध्ये अशी उसंत नाही. शेवटचे दोनचार शत्रू उरले की ते तर रांगेत परतायचंही सोडून देतात आणि पुन्हा पुन्हा वरून येतच राहतात.

गॅलागात एक जुनी चूकही राहून गेली आहे. पहिल्या पातळीत डावीकडच्या दोन मधमाश्या सोडून बाकी सगळे मारायचे आणि त्या दोघींना न मारता चुकवत राहायचं. दहापंधरा मिनिटांनी त्या गोळ्या टाकायच्या थांबतात, आणि मग त्या अख्ख्या खेळात पुढे कुठलाच शत्रू गोळी टाकत नाही. यंत्रावरचे आकडे वाढवणाऱ्यांना ही युक्ती प्रिय आहे. मला ती करून पाहावीशीसुद्धा वाटत नाही. मुके शत्रू मारून काय करायचं?

मोठेपणी गॅलागा मिळाला तेव्हा मी त्याच्यावर लगेच जीव टाकला, हे कबूल करायला हरकत नाही. तो अधिक देखणा आहे, अधिक खेळकर आहे, त्याला नाट्य आहे. त्याची लोकप्रियता रास्त आहे, आणि ‘पहिलाच खरा’ असं म्हणत फिरणाऱ्या रसिकांपैकी मी नाही. पुढचा भाग आधीच्याहून उणाच असणार, हा समज गॅलागाने कधीच खोडून काढला. त्याच्यानंतर नामकोने १९८४ मध्ये गॅप्लस आणि १९८७ मध्ये गॅलागा ८८ काढला. दोन्ही आणखी श्रीमंत, पण गॅलागाचा तोल त्यांना साधला नाही.

फक्त एक गोष्ट मला गॅलागात सापडत नाही. जोडयान मिळालं की मी रांगेवर गोळ्यांचा पाऊस पाडतो, पातळ्या ओलांडतो, गुण वाढतात, आणि त्या सगळ्यात एकही गोळी मला आठवत नाही. गॅलॅक्सियनमधल्या सुटलेल्या प्रत्येक गोळीकडे मी पाहिलेलं आहे. ती कुठे चालली, लागणार की नाही, लागली नाही तर पुढचे दोन क्षण मी कुठे सरकणार, हे सगळं ती वर जात असताना डोक्यात चाललेलं असायचं. गॅलागा चांगला खेळ आहे; गॅलॅक्सियन ही लक्ष देण्याची रीत आहे. मला निवडायला लावलंत तर खेळायला मी गॅलागा घेईन, आणि कुणाला शिकवायचं असेल तर गॅलॅक्सियन.

नामकोच्या जुन्या खेळांच्या संग्रहांत आज दोन्ही मिळतात. घरातल्या मुलांसोबत बसणार असाल तर क्रम सांभाळा: आधी गॅलॅक्सियन, मग गॅलागा. उलट केलंत तर पहिल्याच मिनिटाला पोरं दुसऱ्या गोळीसाठी बटण बडवतील, ती येत नाही म्हणून खेळ बिघडलाय म्हणतील आणि बंद करतील.